दाजी, तुम्हाला न पिणाऱ्यांत धरलं

दाजी, तुमच्या पिंडाला कावळा शिवावा म्हणून बबनने क्वार्टर फोडली.

सुरुवात इथूनच करतो, कारण त्या दिवसापासून माझ्या तोंडाची चव गेली आहे. घाटावर तुमचा दहावा होता. प्रवचन झालं, पिंड मांडले, आणि सगळी माणसं पिंडाभोवती कडं करून उभी राहिली. कावळे समोरच्या करंजावर बसलेले. खाली एकही येईना. मग नेहमीसारखं एकेकानं पुढं होऊन तुम्हाला शब्द द्यायला सुरुवात केली. कुणी म्हणालं, वहिनींना काही कमी पडू देणार नाही. कुणी म्हणालं, गॅरेज बंद पडू देणार नाही. मी आक्काचा धाकटा भाऊ, मीही हात जोडून काहीतरी पुटपुटलो. कावळे जागचे हलले नाहीत.

तेव्हा तुमच्या गॅरेजशेजारचा डेंटिंगवाला बबन पुढं आला. खिशातून क्वार्टर काढली, कागदी कपात ओतली आणि पिंडाशेजारी ठेवली. "घ्या रामभाऊ," म्हणाला. "माफकच हाय."

लोक हसले. दहाव्याला, तुमच्या पिंडासमोर, आक्का समोर बसलेली असताना हसले. भाताचा, झेंडूचा आणि दारूचा वास एकत्र झाला आणि मला शिसारी आली. आणि कावळा खाली आला.

"बघितलं का!" बबन ओरडला. "जीव त्यातच अडकला व्हता!"

दाजी, मी काय पाहिलं ते सांगतो. कप ठेवताना बबन हात पसरून ओरडत होता, "मागं सरा, मागं सरा, जागा करा त्यास्नी." तोपर्यंत माणसं पिंडाला खेटून उभी होती. ती पहिल्यांदाच मागं, शेडखाली गेली. जागा मोकळी झाली, कावळा उतरला, भाताचा घास घेऊन उडाला. कपाकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. पण लोक कपाकडेच पाहत होते. एका वेळी दोन गोष्टी घडल्या, आणि लोकांनी श्रेय आपल्या आवडीच्या गोष्टीला दिलं. आपलं इतक्या वर्षांचं भांडण दुसरं कशावरून होतं?

ते भांडण सुरू झालं तो दिवस मला चांगला आठवतो. माझा ट्रॅक्टर घेऊन मी कळंबहून आळेफाट्याला आलो होतो. तुम्ही एका टेम्पोखालून सरकत बाहेर आलात, फडक्याला हात पुसलेत आणि घडी घातलेला पेपर माझ्या हातात दिलात.

"वाचा, पावणं. मोठ्यानं वाचा."

माफक दारू पिणारी माणसं न पिणाऱ्यांपेक्षा जास्त जगतात, अशी ती बातमी होती. मथळा मोठा, मजकूर बोटभर.

"शास्त्रज्ञ म्हणत्यात," तुम्ही म्हणालात. "मी न्हाई म्हणत."

"कोणते शास्त्रज्ञ?"

"परदेशातले."

"परदेश केवढा आहे, दाजी. कुठले?"

"आता त्यांचं आधार कार्ड मागू का?"

टेम्पोवाला हसला, तुम्ही हसलात, आणि खरं सांगतो, मीही हसलो. तुमच्यावर रागावून फार वेळ टिकता येत नसे. ती बातमी तुम्ही कापून लॅमिनेट करून आणलीत आणि कॅलेंडरशेजारी खिळ्याला लावलीत. ज्या भिंतीवर दुसऱ्या कोणी देवाचा फोटो लावला असता, त्या भिंतीवर.

त्या बातमीतला 'माफक' हा शब्द तुम्ही उचललात, आणि तो घरात शिरला. त्याआधी तुम्ही 'जराशी घेतली' म्हणायचात. 'जराशी' म्हणताना माणूस थोडा तरी ओशाळतो. 'माफक' म्हणताना ओशाळायची गरजच उरली नाही. शास्त्र पाठीशी होतं. सुरुवातीला तुमचं माफक म्हणजे स्टीलचं छोटं फुलपात्र, तेही अर्धं. मग भरलेलं. मग चहाचा ग्लास. मग फाट्यावरच्या परमिट रूमचं टेबल. माप वाढत गेलं, शब्द तोच राहिला. तो शब्द असाच आहे, दाजी. त्याला तळ नाही. आज आक्का भाजीत मीठ किती घालायचं ते सांगतानासुद्धा 'माफक' म्हणत नाही, 'बेताचं' म्हणते. 'माफक' हा चांगला, साधा शब्द होता. तो नासला.

तुमचं इंजिन ऑइलचं उदाहरण तर तुम्ही येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवायचात. "इंजिनाला ऑइल लागतंच की. जास्त घातलं तर धूर मारतं, कमी पडलं तर सीज होतं. माफक पायजे."

"ऑइल इंजिनात ओततात," मी म्हणायचो. "तुम्ही डिझेलच्या टाकीत ओतताय."

"पावणं, तुमी मास्तर झाला न्हाई ते बरं झालं. पोरं शाळा सोडून उसात लपली असती."

मी शास्त्रज्ञ नाही. ऊस, चार गायी आणि घर एवढा माझा पसारा. पण कुठलीही बेरीज समोर आली की तिच्यात काय काय धरलंय ते पाहिल्याशिवाय मला जेवण जात नाही, हे तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही त्यावरून मला छळलंतही पुष्कळ. म्हणून मी त्या बातमीला साधे प्रश्न विचारत होतो. पहिला प्रश्न: कोण किती पितो हे त्यांना कळलं कसं? विचारूनच ना? मग तुम्हाला कुणी विचारलं असतं तर तुम्ही काय सांगितलं असतं? दुसरा: तिकडचा जेवणाबरोबर एक प्याला घेणारा माणूस पोटभर खाणारा, फिरायला जाणारा, दुखलं की डॉक्टर गाठणारा असेल, तर त्याचं आयुष्य त्या प्याल्यानं वाढलं की बाकीच्या गोष्टींनी? बातमीत यातलं काहीच नव्हतं. पुढे कधीतरी त्याच पेपरात आतल्या पानावर नेमकं उलटं छापून आलं, की एक घोटसुद्धा फायद्याचा नाही. ते मी तुम्हाला दाखवलं. तुम्ही म्हणालात, "बारीक अक्षरातलं मला चष्म्याशिवाय दिसत न्हाई." मला तेव्हाही किळस आली होती. तुमची नाही. त्या पेपराची. मोठ्या अक्षरात माणसाला पेला द्यायचा आणि बारीक अक्षरात काढून घ्यायचा.

पण माझा खरा प्रश्न तिसरा होता. न पिणारे म्हणून त्यांनी कोणाला धरलं? जन्मात कधी न घेतलेले, एवढेच? की आयुष्यभर पिऊन, लिव्हर गेल्यावर, डॉक्टरांनी दरडावल्यावर सोडलेलेसुद्धा? ते सोडलेले लोक त्याच रकान्यात घातले, तर न पिणारे लवकर मरतात असंच दिसणार.

तुम्ही म्हणालात, "कायतरी आपल्यातलं बोला, राव. रकाने-बिकाने आमाला कळत नाय."

मग मी तुमच्यातलं बोललो. म्हणालो, "दाजी, हा नाशिकचा रस्ता बघा. रस्त्यावरच्या सगळ्या गाड्या पळतायत. तुमच्या गॅरेजातल्या सगळ्या बिघडलेल्या. उद्या एखाद्यानं मोजणी करून छापलं की गॅरेजात गेलेल्या गाड्या जास्त बंद पडतात, म्हणून गाडी कधी गॅरेजात नेऊ नका. मग?"

तुमचा पाना हातातच राहिला. गिऱ्हाईक तुमच्याकडे बघायला लागलं. तुम्ही रस्त्याकडे पाहिलंत, गॅरेजातल्या गाड्यांकडे पाहिलंत आणि म्हणालात, "याचं उत्तर देतो. उद्या."

तो उद्या बरीच वर्षं आला नाही.

तुमचा राग राग करत हे लिहितोय खरा, पण मध्येच तुम्ही तो लांब स्क्रू ड्रायव्हर घेऊन उभे राहता आणि माझं लिहिणं थांबतं. गॅरेजातल्या गाड्यांचा तो वाद झाला त्याच दिवशी तुम्ही माझा ट्रॅक्टर चालू करायला लावलात. मला तो ठीक वाटत होता. मी नुसत्या ऑइल बदलीसाठी आलो होतो. तुम्ही स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवलंत, मूठ कानाला लावलीत आणि डोळे मिटलेत. मी काही विचारणार तेवढ्यात म्हणालात, "शू. आतनं ठोकतंय."

"मला तर काही ऐकू येत नाही."

"तुमाला कसं येईल? तुमी बाहेरून ऐकताय. बेरिंग चाललंय. उसाची ट्रॉली जोडून निघाला असता न, तर रस्त्यातच बसला असता."

खोललं तर तसंच निघालं. तुम्हाला कसं कळतं असं मी विचारल्यावर तुम्ही म्हणालात, "इंजिन खोटं बोलत न्हाई, पावणं. मालक बोलतो. मालक सांगतो कालपर्यंत चांगली व्हती. म्हणून मालकाला इचारायचं न्हाई, इंजिनाला इचारायचं."

त्या सगळ्या पाहण्यांवर, त्या सगळ्या मथळ्यांवर याच्याहून चांगला आक्षेप मी कुठे वाचलेला नाही. त्यांनी मालकांना विचारलं होतं. आणि हे तुम्ही बोललात ती बातमी टांगलेल्या भिंतीखाली बसून.

माझा ट्रॅक्टर तुमच्यामुळे आजही चालतो. माझी आई आजारी पडली तेव्हा गॅरेजात दुरुस्तीला आलेली जीप मालकाला फोन करून तुम्ही बाहेर काढलीत आणि आईला पुण्याला नेलंत. वाटभर तिला हसवत नेलंत. आक्कावर तुम्ही कधी हात उचलला नाहीत. हे सांगताना लोक फार मोठं काहीतरी सांगितल्यासारखं करतात, त्याचीही मला चीड आहे. पण खरं आहे ते खरं. उपकार मी विसरलेलो नाही. ते आठवतात म्हणूनच त्या लॅमिनेट केलेल्या कागदाचा मला जास्त संताप येतो.

मग तुमचे पाय सुजले. डोळे पिवळे झाले. पोटात पाणी झालं. डॉक्टरांनी विचारलं, "किती घेता?"

तुम्ही म्हणालात, "माफक."

आक्का खिडकीतून बाहेर पाहायला लागली. डॉक्टरांनी लिहून घेतलं. मी त्या पेनाकडे पाहत होतो आणि मनात म्हणत होतो, हे असं लिहिलं जातं तर. सगळ्या जगात हे असंच लिहिलं जात असेल.

इथं एक गोष्ट नीट लिहून ठेवतो, कारण पुढं तिचंच भांडवल झालं. रोज भरपूर पिणाऱ्यानं घरच्या घरी एकदम बंद केली तर त्याला झटके येऊ शकतात, जिवावर बेतू शकतं. हे खरं आहे, मी नाकारत नाही. पण म्हणूनच तुमची दवाखान्यात, औषधं चालू ठेवून, डॉक्टरांच्या नजरेखाली सोडवली होती. ते दिवस तुम्ही सुखरूप पार केलेत आणि घरी आलात. तुम्ही गेलात ते लिव्हर आधीच संपलेलं होतं म्हणून. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी मला आणि विलासला बाजूला घेऊन तसं सांगितलं होतं. विलास, तुमचा धाकटा भाऊ, तेव्हा माझ्याशेजारी उभा होता. त्याच्या तोंडाला वास येत होता.

सोडल्यानंतरचे ते चार महिने मी कधी विसरणार नाही. तुम्ही आणि आक्का कळंबला माझ्याकडे राहायला आलात. बिनमिठाची आमटी बघून तुम्ही असं तोंड करायचात की माझी बायको लाजून स्वयंपाकघरात जायची. अंगात जीव नव्हता, पण लक्ष सगळीकडे. शेजारच्याच्या मोटरसायकलचा आवाज ऐकून बसल्या जागी सांगायचात, हिची चेन ढिली आहे. एका दुपारी ओट्यावर तुम्ही आणि आक्का मटार सोलत बसला होता. तुम्ही दाणे टोपल्यात कमी आणि तोंडात जास्त टाकत होता. आक्का म्हणाली, "भाजीला राहू द्या की."

तुम्ही म्हणालात, "माफक खातोय."

आणि आक्का मोठ्यानं हसली. तिचं तसं हसणं मी लहानपणी ऐकलं होतं, त्यानंतर त्याच दिवशी. तो शब्द तेवढ्या एका दुपारपुरता धुऊन निघाला होता.

त्याच ओट्यावर तुम्ही मला म्हणालात, "पावणं, तुमच्या त्या हिशोबाचं उत्तर राहिलंय माझ्याकडं."

"कोणत्या हिशोबाचं?"

"गॅरेजातल्या गाड्या."

मी हातातला तांब्या खाली ठेवला.

"गाडी उशिरा आणली, राव," तुम्ही म्हणालात. "गॅरेजची चूक न्हाई."

मला त्या वादात जिंकायचं नव्हतं, दाजी. निदान असं तरी नाही. मी काहीतरी दुसरं बोलायला लागलो, तर तुम्ही हात वर करून मला थांबवलंत. "विलासचं पण ठोकतंय. परवा भेटायला आला तवा बघितलं मी. पाय बघा त्याचं. डोळं बघा."

"मग तुम्ही सांगा ना त्याला."

"माझं ऐकंल व्हय? मी सांगायला लागलो की तो माझ्या भिंतीकडं बोट दाखवतो. ते काढायला पायजे तिथनं."

"काढू. तुम्ही बरे झालात की आपण दोघं जाऊन काढू."

तुम्ही फक्त माझ्याकडे बघितलंत. मालक खोटं बोलतो, हे तुम्हाला कुणी शिकवायची गरज नव्हती.

आता पुन्हा घाटावर येतो. कावळा शिवल्यावर श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. आपल्याकडे माणूस कोणीही असो, माईक असतोच आणि पुढारी असतातच. पहिले पुढारी उठले. म्हणाले, रामभाऊ हा मर्यादेत घेणारा माणूस, कुणाला त्रास नाही, कधी रस्त्यात पडला नाही. पण शरीराला सवय होती. ती एकदम सोडायला नको होती.

दुसरे उठले, त्यांनी तेच सांगितलं. तिसऱ्यानं एका ओळखीच्याचं उदाहरण दिलं, त्यानं सोडली आणि वर्षाच्या आत गेला. खालून आवाज आला, "आमच्या मामाचं बी तसंच झालं." मग बबन माईकशिवायच बोलला, "पीत व्हते तवर घोड्यासारखे व्हते. सोडली आन् चार महिन्यांत आटोपले. पेपरात आलंच व्हतं की."

माना हलल्या, एकामागून एक. मुंडण केलेला विलास पुढं बसला होता, हात गुडघ्यांवर, पाय सुजलेले, डोळ्यांच्या कडा पिवळ्या. त्याचीही मान हलली. शेजारच्याला हळू आवाजात म्हणाला, पण मला ऐकू आलं, "दादानं सोडली आन् दादा गेला. मी न्हाई सोडणार."

तेव्हा मला कळलं, दाजी, की त्यांनी तुमचं काय केलं. मी तुम्हाला तो रकाना समजावत होतो तेव्हा मला वाटायचं की तो परदेशातल्या कुठल्यातरी कागदावर असतो. नाही. तो आपल्या घाटावर असतो. इतकी वर्षं प्यायलात, शेवटचे चार महिने सोडलीत, आणि सगळ्या गावानं मिळून तुम्हाला उचलून न पिणाऱ्यांत टाकलं. न पिण्यानं मेलेला माणूस म्हणून. तुमच्या मरणाचा पुरावा करून ठेवला, आणि तो तुमच्याच भावाच्या हातात दिला. दारूच्या वासाची मला सवय होती, ती तुम्ही लावलीत. पण त्या माना हलताना पाहून मला जी किळस आली तिची सवय होणार नाही, आणि व्हायलाही नको.

मी उठलो आणि माईक घेतला. मला बोलायचा सराव नाही. पुढारी घड्याळ बघायला लागले. मी म्हणालो, "दाजींचं गॅरेज सगळ्यांना माहीत आहे. तिथं ज्या गाड्या येतात त्या बिघडल्यावर येतात. काही सुधारतात, काहींचं काम आधीच संपलेलं असतं. जी संपली ती गॅरेजात आणल्यामुळे संपली, असं इथं कोणी म्हणेल का?"

पुढाऱ्यांनी पुन्हा घड्याळ पाहिलं.

"दाजींनी सोडली म्हणून ते गेले नाहीत. त्यांचं सगळं गेलं होतं म्हणून त्यांना सोडावी लागली. आधी काय झालं आणि नंतर काय झालं, एवढं तरी नीट धरा. त्यांना न पिणाऱ्यांत धरू नका."

"पावणं," बबन म्हणाला, "दहाव्याला हिशोब नको. दुःखाचा प्रसंग हाय."

"तू क्वार्टर ठेवलीस तेव्हा कसला प्रसंग होता?"

कुजबुज सुरू झाली. एक म्हातारबाबा मला हातानं बसायची खूण करायला लागले. मी बसणार होतो. माझं बोलणं कोणाच्याही डोक्यात शिरलेलं नव्हतं, ते तोंडांवर दिसत होतं. कावळा त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता, त्यापुढं माझ्या गाड्यांचं काय चालणार?

आणि आक्का उठली. बायकांच्या घोळक्यातून, डोक्यावरचा पदर सावरत. तिनं माईक मागितला नाही. दाजी, तुम्ही तिला चारचौघांत बोलताना कधी पाहिलं नव्हतं. मीही नाही.

"पीत व्हते तवाच गेल्याले व्हते ते," ती म्हणाली. "घरात नुसता माणूस यायचा, हे न्हाई. सोडली तवा चार महिनं घरी आले. माझ्याशी बोलले. ते चार महिनं तुमी त्यांच्या मरणात धरू नका. ते माझं हायेत."

आणि खाली बसली.

माईक चालू होता, त्यात नुसता वारा वाजत होता. मग कोणीतरी घाईघाईनं आभार मानले आणि लोक चपला शोधायला लागले. विलास तसाच बसून होता. तो आक्काकडे पाहत नव्हता. स्वतःच्या पायांकडे पाहत होता.

आज मी आणि आक्का गॅरेजवर गेलो. शटर विलासनं उघडलं. त्याच्या तोंडाला वास होता, सकाळचाच. तुमच्यापासून काही लपवत नाही. आत सगळं तुम्ही ठेवलं होतं तसं आहे. तो टेम्पो नाही, दुसरा आहे. कॅलेंडर जुन्याच महिन्यावर अडकलेलं. आणि शेजारी ती बातमी. धुरानं प्लॅस्टिक पिवळं पडलंय, आतली बारीक अक्षरं पार गेली आहेत. मथळा तेवढा वाचता येतो. तो कसा जाईल?

मी हात वर केला तर बबन दारातून म्हणाला, "राहू द्या की. रामभाऊंची आठवण हाय ती."

मी काही बोलणार तोच विलासनं फळीवरून तुमचा लांब स्क्रू ड्रायव्हर उचलला. टोक खिळ्याखाली घातलं आणि रेटा दिला. पहिल्यांदा निघाला नाही. दुसऱ्यांदा खिळा, प्लॅस्टिक आणि भिंतीचा थोडा पोपडा एकदम खाली आला. बबन हसायला लागला, पण विलास हसला नाही. स्क्रू ड्रायव्हर हातात धरून तो बराच वेळ उभा राहिला. तुम्ही उभे राहायचात तसाच, फक्त समोर इंजिन नव्हतं.

मग आक्काकडे न बघता मला म्हणाला, "पावणं, उद्या मोकळं हाय का तुमी? एक गाडी दाखवायची व्हती डॉक्टरला."

"आहे," मी म्हणालो.

"लई उशीर झाला असंल तर?"

"ते आपण मालकाला विचारायचं नाही."

त्यानं मान खाली घातली. तो हसला की रडला ते मला दिसलं नाही.

तो येईल की नाही, मला माहीत नाही. मी उद्या सकाळी फाट्यावर जाऊन उभा राहणार आहे. आला तर बरं. नाही आला तर परवा पुन्हा जाईन. त्याचं नाव मी आत्ताच कुठल्याही रकान्यात लिहीत नाही. तुमचं मात्र लिहिलं आहे, दाजी. कोणी काही म्हणो, न पिणाऱ्यांत तुम्हाला राहू देणार नाही. दारूनं गेलेले, आणि जाण्याआधी चार महिने घरी आलेले, असं लिहिलं आहे. ते वाक्य आक्कानं मला दोनदा वाचायला लावलं.